उत्तर नको, प्रश्न पाठव

शनिवारी रात्रीचे नऊ. ऑफिसच्या ग्रुपवर ‘आज कुठे बसायचं?’ची चर्चा रंगात आलेली असते आणि माझ्या फोनवर तलासरीहून एक फोटो टपकतो. वहीचं पान, त्यावर कॅल्क्युलसचं गणित आणि खाली दोन शब्द : ‘ताई, अडलंय.’

बारावी सायन्सची ही मुलगी माझ्या गळ्यात मारली ऑफिसातल्या डहाणूकर मित्राने. लोकलला विरार ओलांडून डहाणूला पोचायला २०१३ साल उजाडलं. आपण काय, फोनवरून सेकंदात पोचतो! असं मला वाटायचं.

सुरुवातीला मी गणित आलं की सोडवायचे, फोटो काढायचे, पाठवून द्यायचे. पाच मिनिटांत काम फत्ते. तिकडून ‘थँक्यू ताई’, इकडे मी स्वतःवरच खूश. मग तिची चाचणी झाली. तेच गणित, फक्त आकडे बदललेले, आणि पान कोरं. ‘ताई, तुमचं उत्तर पाठ होतं हो.’ बॉस, चपराकच ती!

तेव्हापासून नियम केला. उत्तर पाठवायचं नाही, एक प्रश्न पाठवायचा.

परवाचं गणित असं : ओढ्याकाठी आयताकृती वाडी करायची, १०० मीटर कुंपण आहे, ओढ्याची बाजू मोकळी. जास्तीत जास्त जागा कशी मिळेल? दोन बाजू क्ष, तिसरी १०० वजा २क्ष. तिने क्षेत्रफळ मांडलं, डेरिव्हेटिव्ह काढला, तो शून्य धरला. क्ष आला २५, क्षेत्रफळ १२५० चौरस मीटर. सगळं बरोबर. मी विचारलं, ‘शून्य का धरलास?’

दहा मिनिटं शांतता. म्हटलं, रेंज गेली. मग तिचा आवाज आला : ‘ताई, महालक्ष्मीच्या डोंगरासारखं का? अलीकडून चढ, पलीकडे उतार. टोकावर ना चढ, ना उतार.’

मी इंजिनीअर. चार वर्षं कॅल्क्युलस घोकलं, पण असा डोंगर मला कधी दिसला नव्हता! तरी छळलंच : ‘खड्ड्याच्या तळाशीही शून्यच की. मग हे टोक कशावरून?’ तिने पुन्हा डेरिव्हेटिव्ह काढला. उणे ४. ‘चढ कमी कमी होतोय ताई, म्हणजे टोकच.’

तिची निम्मी अडचण गणिताची नव्हतीच. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला सायन्स घेतलं आणि अख्खं पुस्तक इंग्रजी. ‘डेरिव्हेटिव्ह’ ती मंत्रासारखी म्हणायची. ‘बदलाचा दर’ म्हटलं आणि गाडी रुळावर आली.

याच डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली होती. मुलं गुरांमागे जातात, शाळेत येत नाहीत? मग शाळाच कुरणात न्यायची. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेल्या त्यांच्या कामाचं हेच तर सूत्र होतं : मूल जिथे आहे तिथे आपण जायचं. माझ्या फोनला वाटत होतं, आपण पोचलो. पोचलं होतं फक्त उत्तर.

तुमच्याकडे आहे शनिवारचा एक तास? गणित थोडं गंजलं असेल तरी चालेल, पुस्तक उघडलं की आठवतं. ‘का?’ विचारून गप्प बसता मात्र आलं पाहिजे. ते जास्त कठीण, स्वानुभव आहे.

काल पुन्हा फोटो आला. पान भरलेलं, गणित पूर्ण. खाली लिहिलेलं : ‘ताई, अडलं नाहीये. नुसतं दाखवलं.’