‘कडक’ या एका शब्दाची किंमत

स्पर्धेच्या धाटणीची मोटारसायकल आणि मराठीचे दोन प्राध्यापक हा योग वाचकांना विनोदी वाटेल, याची आम्हांला कल्पना आहे. आमच्या प्राध्यापक-कक्षात तो बराच काळ विनोदाचाच विषय होता. आमच्यापैकी एकाने चाळिशी उलटल्यावर हौसेने तशी गाडी घेतली. दुसरा त्याच गावाहून त्याच महाविद्यालयात जात असल्यामुळे तिच्यावर डबलसीट बसू लागला. जाऊन-येऊन ६२ किलोमीटरचा रस्ता. या रस्त्यावर जे घडले त्यातून आमचे एक मत बनले, ते येथे मांडत आहोत. मत मोटारसायकलविषयी आहे. परंतु त्याच्या मुळाशी एक मराठी शब्द आहे, म्हणून ते साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि अध्यापकांपुढे ठेवण्यास संकोच वाटत नाही.

गाडी कडक होती. रस्त्यावरचे प्रत्येक ठिगळ मणक्यापर्यंत पोचत असे. पहिल्या तासाला वर्गात उभे राहताना फळ्याचा आधार घ्यावा लागे. शेवटी आम्ही गाडी एका मेकॅनिककडे नेली आणि सांगितले, “फार कडक आहे, मऊ करून द्या.” त्याने हुकासारखा पाना घेऊन मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगवरची कडी शेवटच्या खाचेपर्यंत ढिली केली आणि म्हणाला, “सर, आता गादीसारखी चालेल.” आम्ही त्याचे आभार मानले.

चौथ्या दिवशी, पांढरे पट्टे पुसले गेलेल्या एका गतिरोधकावर, दोघांच्या वजनाने आधीच खाली बसलेला तो शॉकअप तळाला जाऊन आदळला. लोखंडावर घण पडावा तसा आवाज झाला. पुढे बसणाऱ्याच्या हाती निदान हँडल होते. मागे बसणारा उडाला आणि पुन्हा त्याच अरुंद आसनावर आपटला. मणका शाबूत राहिला हे नशीब. कमरेचे स्नायू मात्र असे दुखावले की ऐन परीक्षांच्या दिवसांत १९ दिवस अंथरुणात काढावे लागले. गाडी विकून टाकायची, असे त्या दिवसांत आमचे ठरलेही होते.

दोष कोणाचा? सुरुवातीला आम्ही तो मेकॅनिकच्या माथी मारला. नंतर शांतपणे विचार केला, तेव्हा ध्यानात आले की त्याने आम्ही सांगितले तेच केले होते. चूक आमच्या वाक्यात होती. ‘कडक’ हा एकच शब्द आम्ही किमान चार निरनिराळ्या तक्रारींसाठी वापरला होता आणि त्यांतली नेमकी कोणती आमची, हे आम्हांलाच ठाऊक नव्हते. ज्यांचा व्यवसायच शब्दांच्या छटा उलगडून दाखवण्याचा, त्यांच्या हातून हे व्हावे, ही गोष्ट कमरेच्या दुखण्याहून अधिक झोंबली.

ते चार अर्थ असे. पहिला अर्थ स्प्रिंगच्या मूळ ताठरपणाचा. १६७६ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने आपला स्प्रिंगविषयीचा नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ साली स्वतःच ते कोडे सोडवले. नियमाचा आशय एवढाच, की स्प्रिंग जितकी ताणावी वा दाबावी, तितक्या प्रमाणात तिचे बल वाढते. हे प्रमाण त्या त्या स्प्रिंगचा स्वभावधर्म असते. ते बदलायचे तर स्प्रिंगच बदलावी लागते.

दुसरा अर्थ प्रीलोडचा, म्हणजे गाडीवर कोणी बसण्याआधीच स्प्रिंग किती दाबून ठेवली आहे याचा. मेकॅनिकने फिरवलेली कडी ती हीच. ती ढिली केली की स्प्रिंग मऊ होते, हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे. साधा हिशेब करू. एक मिलिमीटर दाबण्यास १० न्यूटन बल लागणारी एक स्प्रिंग घ्या. ती आधीच १० मिलिमीटर दाबून ठेवली आणि तिच्यावर ५०० न्यूटनचा भार टाकला, तर ती आणखी ४० मिलिमीटर दबेल. आधी २० मिलिमीटर दाबून ठेवली असेल, तर ३० मिलिमीटर दबेल. आता दोन्ही स्थितींत १०० न्यूटनचा आणखी एक धक्का द्या. दोन्हीकडे ती १० मिलिमीटरच आत जाईल. याचा अर्थ, कडीने गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा स्वभाव बदलत नाही. उलट कडी फार ढिली केली की गाडी आधीच खोल बसते, पुढच्या धक्क्यासाठी राखलेले अंतर संपते आणि शॉकअप तळाशी जाऊन आदळतो. आमच्या बाबतीत नेमके हेच झाले. मऊपणाच्या नावाखाली आम्ही सर्वांत कठीण धक्का विकत घेतला होता.

तिसरा अर्थ डॅम्पिंगचा. शास्त्रीय परिभाषेत अवमंदन. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत करते. तिला आवर घालण्याचे काम शॉकअपमधले तेल करते. बारीक छिद्रांतून ते ढकलले जाते, तेव्हा हालचाल मंदावते आणि ऊर्जेची उष्णता होते. हा आवर दोन प्रकारचा असतो, दबतानाचा आणि परततानाचा. दबतानाचा आवर अति झाला तर प्रत्येक खडा जाणवतो, हे सहज समजते. परततानाचा आवर अति झाला तर मात्र मोठी फसगत होते. चाक एका खड्ड्यातून सावरून पूर्ण खाली येण्याआधीच दुसरा खड्डा येतो, मग तिसरा. शॉकअप पायरीपायरीने आखडत जातो आणि शेवटी त्यात दबायला जागाच उरत नाही. स्वाराला वाटते, स्प्रिंग कडक आहे. वास्तविक ती आखडलेली असते. चौथा अर्थ सर्वांत साधा, टायरमधल्या हवेचा. आमच्या टायरांत कंपनीने सांगितल्यापेक्षा ६ पीएसआय हवा अधिक होती, कारण पंपावर आम्ही नेहमी “जरा कडक भरा” असे सांगत आलो होतो. पुन्हा तोच शब्द!

मागे बसणारा बरा झाल्यावर आम्ही काम पुन्हा हाती घेतले, ते मात्र पाठचिकित्सेच्या शिस्तीने. हस्तलिखिताचे संपादन करताना मूळ पाठ नोंदवल्याशिवाय आपण अक्षर बदलत नाही. तसे प्रत्येक स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद होईपर्यंत फिरवून वाटेत किती क्लिक झाले ते वहीत लिहिले आणि तो होता तेथे परत आणला. मग दोघे गाडीवर बसून मागची बाजू किती खाली जाते ते मोजले. या अंतराला सॅग म्हणतात. रस्त्यावरच्या स्पोर्ट गाडीस ते साधारण ३० ते ४० मिलिमीटर असावे. आमचे ५८ भरले. कडी आवळत ते ३६ वर आणले. मऊपणा हवा असणाऱ्या आम्ही पहिले काम केले ते आवळण्याचे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. त्यानंतर एका वेळी एकच बदल आणि दर वेळी त्याच रस्त्याचा तोच तुकडा, असा क्रम ठेवला. परततानाचा आवर २ क्लिक सैल केला. आसन दाबून सोडले की मागची बाजू झोके न घेता एकदाच वर येऊन स्थिरावते ना, हे पाहिले. दबतानाचा आवर पुढच्या दोन्ही पायांना सारखाच, ३ क्लिक सैल केला. हवा थंड टायरांत मोजून कंपनीच्या आकड्यावर आणली; त्याखाली मात्र नेली नाही, कारण कमी हवेने टायर तापतो आणि खड्ड्यात रिम वाकते. पाच संध्याकाळी गेल्या. खर्च काहीही नाही. गाडी विकायचा विचार मागे पडला.

आता मताकडे येतो. स्पोर्ट गाडी मऊ करणे म्हणजे तिचा अपमान, तिचे शील भ्रष्ट करणे, असे मानणारा एक वर्ग आहे आणि त्यात आमचे काही विद्यार्थीही आहेत. त्यांच्या लेखी कडकपणा म्हणजे वेग, पौरुष, अस्सलपणा. आम्हांला हे मान्य नाही. गाडीची पकड टायर जमिनीला चिकटून राहण्यावर अवलंबून असते. खडबडीत रस्त्यावर अति कडक गाडीचे चाक उड्या मारते आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक असतो ना वळण. १९७३ साली होकान अँडरसन या स्वीडिश स्वाराने यामाहावर २५० सीसी मोटोक्रॉसचे जागतिक विजेतेपद मिळवले, ते बेल्जियमच्या ल्यूसियाँ टिल्केन्स यांच्या कल्पनेतून साकारलेल्या एकाच मागच्या शॉकअपच्या गाडीवर. तिचे बळ चाकाला वरखाली होण्यास अधिक अंतर देण्यात होते. धक्का पचवणे हीच तेथे वेगाची युक्ती ठरली.

शिवाय कारखान्यातून येणारी मांडणी हे अपौरुषेय वचन नव्हे. ती कोणा सरासरी वजनाच्या एकट्या स्वारासाठी केलेली असते, आणि बदलाचे स्क्रू कारखान्यानेच बसवलेले असतात. २०२१ साली टीव्हीएसने अपाचे आरआर ३१० साठी पूर्णपणे जुळवता येणाऱ्या सस्पेन्शनचा संच पर्याय म्हणून देऊ केला, तो ग्राहकाने नुसता पाहत बसावे म्हणून खचितच नव्हे. ज्या गाड्यांना असे स्क्रू नाहीत, त्यांत जाणत्या कारागिराकडून स्प्रिंग वा पुढच्या फोर्कमधले तेल बदलून घेता येते.

मराठी व्याकरण शिकवताना आपण कठोर आणि मृदू वर्ण शिकवतो. ‘षट्’पुढे ‘रिपू’ आला की ‘षड्रिपू’ होतो. कठोर ट् मृदू ड् होतो. ‘विपद्’पुढे ‘काल’ आला की ‘विपत्काल’ होतो. मृदू द् कठोर त् होतो. पुढे काय येते आहे ते पाहून वर्ण बदलतो, त्याला कोणी वर्णाची हार म्हणत नाही. चेन्नईजवळच्या वा कोइमतूरच्या धावपट्टीवर कोणी हीच गाडी नेणार असेल, तर त्याने वहीतले आकडे पाहून स्क्रू पुन्हा आवळावेत. तेथेही अति मऊ गाडी ब्रेक लावताच नाक खुपसेल आणि वळणात डोलेल. मृदुतेचा आमचा आग्रह सर्वकाळचा नाही. समोरच्या रस्त्यापुरता आहे.

एक आक्षेप आम्हांलाही गंभीर वाटतो. रस्ते वाईट आहेत म्हणून आपण आपली गाडी बदलत राहायची, ही शरणागती नव्हे काय? इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत वाहनाने ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडावयाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, असे दिले होते. ज्या गतिरोधकाने आम्हांला आपटले तो अर्धा मीटरही रुंद नव्हता. त्याविषयी आम्ही लेखी तक्रार केली आहे आणि पाठपुरावा चालू आहे. परंतु तक्रारीत आम्ही ‘गतिरोधक वाईट आहे’ असे लिहिले नाही. त्याची रुंदी, उंची आणि पुसलेले पट्टे लिहिले. मेकॅनिकशी बोलताना जे शिकलो ते येथेही उपयोगी पडले. स्क्रू फिरवणे आणि अर्ज लिहिणे ही दोन वेगळी कामे आहेत; एक केले म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही.

आपल्या वर्गात विद्यार्थी एखाद्या कवितेला ‘कठीण’ म्हणतो, तेव्हा तिच्यात नेमके काय कठीण आहे, शब्द, संदर्भ, रचना की आशय, हे आपण विचारतो का? बहुधा आपणही त्या मेकॅनिकप्रमाणे हाताशी असेल ती कडी ढिली करतो आणि कविता सोपी झाली असे समजतो. हा प्रश्न आम्हांला अंथरुणाशेजारी बसून सुचला. तो आमच्या सहाध्यायी अध्यापकांनीही स्वतःला विचारून पाहावा. आम्ही सध्या पुन्हा डबलसीट महाविद्यालयात जातो, आणि मागे बसणाऱ्याने ‘कडक’ म्हटले, की पुढचा गाडी बाजूला घेऊन विचारतो, “नेमके काय?”