विंडोज सोडून लिनक्सवर आलात, पण एका अपडेटनंतर लॅपटॉप सुरूच होईना; नेमकं काय होतं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे असंख्य लॅपटॉप एका दिवसात 'जुने' ठरले. मग रील्स आणि पोस्ट्सचा पूर आला, "लॅपटॉप फेकू नका, लिनक्स टाका, फुकट आहे!"

लोकांनी ते मनावरही घेतलं. त्याच दिवशी आलेल्या झोरिन ओएस १८ या लिनक्सच्या आवृत्तीने महिनाभरापेक्षा थोड्याच जास्त काळात १० लाख डाउनलोडचा टप्पा ओलांडल्याचं जाहीर केलं. त्यातले ७८ टक्के डाउनलोड विंडोजच्या कॉम्प्युटरवरून झाले होते, असंही त्यांनी सांगितलं.

सल्ला चुकीचा नाही. पण या रील्समध्ये एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. काही महिन्यांनी एखाद्या दिवशी अपडेट होतं, लॅपटॉप रिस्टार्ट होतो आणि काळ्या स्क्रीनवर 'कर्नल पॅनिक' असे शब्द येतात. नवखा माणूस समजतो की हार्ड डिस्क गेली, फोटो गेले. बहुतेक वेळा यातलं काहीच गेलेलं नसतं. मग अडकतं कुठे?

कर्नल म्हणजे काय?

आपण ज्याला लिनक्स म्हणतो, त्यातला खरा 'लिनक्स' म्हणजे कर्नल. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये तो लिहायला सुरुवात केली. कीबोर्ड, डिस्क, वायफाय, मेमरी या सगळ्यांशी बोलणारा हा मधला माणूस. उबुंटू, फेडोरा, मिंट, झोरिन यांचे चेहरे वेगळे असले तरी आत कर्नल लिनक्सचाच.

कर्नलची नवी आवृत्ती साधारण दर ९ ते १० आठवड्यांनी येते. शिवाय जुन्या आवृत्त्यांच्या दुरुस्त्या सतत चालू असतात. म्हणून लिनक्स वापरणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर कर्नल बदलणं ही नेहमीची घटना आहे.

चावी कपाटात आणि कपाटाला कुलूप

आता खरी गंमत इथे आहे. कॉम्प्युटर सुरू झाला की कर्नलला डिस्क वाचायची असते. डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो. पण तो ड्रायव्हर ठेवलेला असतो त्याच डिस्कवर! डिस्कला पासवर्ड लावून एन्क्रिप्ट केलं असेल तर पेच आणखी वाढतो. चावी कपाटात आणि कपाटाला कुलूप, अशी अवस्था.

यावरचा उपाय म्हणजे 'इनिटरामएफएस'. नाव अवघड आहे, काम सोपं. ही कर्नलसोबत बांधून दिलेली शिदोरी समजा. त्यात सुरुवातीला लागतील तेवढे ड्रायव्हर आणि छोटे प्रोग्रॅम असतात. क्रम असा असतो:

- कॉम्प्युटर सुरू होतो आणि 'ग्रब' नावाचा छोटा प्रोग्रॅम चालतो.
- ग्रब कर्नल आणि इनिटरामएफएस या दोन्ही फाइल मेमरीत आणतो.
- कर्नल शिदोरी उघडतो. गरज असेल तर डिस्कचा पासवर्ड विचारला जातो.
- मुख्य डिस्क उघडली की शिदोरीचं काम संपतं आणि पुढची सिस्टीम सुरू होते.

लक्षात ठेवायची गोष्ट एकच. प्रत्येक कर्नलची शिदोरी वेगळी असते, कारण ड्रायव्हर त्या त्या आवृत्तीला जोडलेले असतात. एकाची दुसऱ्याला चालत नाही. ही शिदोरी तुमच्याच कॉम्प्युटरवर, अपडेटच्या वेळी बांधली जाते. उबुंटू, फेडोरा आणि आर्च यांची ती बांधायची साधनं वेगवेगळी आहेत, पण काम तेच.

मग बिघडतं कुठे?

या फाइल 'बूट' नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. फेडोरामध्ये त्यासाठी डिस्कचा वेगळा छोटा भाग असतो. उबुंटूमध्ये डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय निवडला की असा भाग तयार होतो. मोठ्या डिस्कवर भरपूर जागा मोकळी असली तरी हा भाग भरू शकतो.

कर्नलची फाइल तशी लहान असते. शिदोरी मात्र वाढत चालली आहे. विशेषतः नव्या ग्राफिक्स कार्डांचं फर्मवेअर त्यात भरावं लागत असल्याने ती १०० एमबीच्या पुढेही जाते. अशा तीन-चार जोड्या साठल्या की जागा संपते. मग नवा कर्नल उतरतो, पण शिदोरी अर्धवट राहते. अपडेटमध्ये 'जागा शिल्लक नाही' अशी ओळ येते आणि आपण ती न वाचता खिडकी बंद करतो. रिस्टार्ट केल्यावर रिकाम्या हाताने निघालेला कर्नल दारातच अडतो.

हा प्रश्न फक्त नवख्यांचा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या फेडोरा ४३ मध्ये बूटसाठीची जागा १ जीबीवरून २ जीबी करण्यात आली. पण ती नव्याने इन्स्टॉल करणाऱ्यांसाठी. जुन्या फेडोरावरून अपडेट करत आलेल्यांची जागा आहे तेवढीच राहते.

मग अपडेटच करू नये का?

पुष्कळ जण हाच निष्कर्ष काढतात आणि तो घातक आहे. मार्च २०२२ मध्ये 'डर्टी पाइप' ही कर्नलमधली त्रुटी उघड झाली. तिचा वापर करून कॉम्प्युटरवरचा साधा वापरकर्ता फक्त वाचण्यासाठी असलेल्या फाइल बदलू शकत होता आणि पूर्ण ताबा मिळवू शकत होता. त्यावर उपाय एकच होता, दुरुस्त केलेला कर्नल घेणं.

आणि नुसता घेऊन भागत नाही. रिस्टार्ट केल्याशिवाय सहसा जुनाच कर्नल चालू राहतो. आठवडेच्या आठवडे लॅपटॉपचं झाकण मिटून 'बंद' करणाऱ्यांचं अपडेट कागदावरच असतं.

खरा विमा म्हणजे जुना कर्नल

उबुंटू आणि फेडोरा नवा कर्नल घेताना जुना लगेच पुसत नाहीत. फेडोरा साधारणपणे तीन कर्नल ठेवतो. त्यामुळे नवा अडला तर ग्रबच्या यादीतून जुना निवडून कॉम्प्युटर सुरू करता येतो. फाइल, फोटो, सगळं जागेवर दिसतं. आर्च लिनक्समध्ये मात्र नवा कर्नल जुन्याच्या जागी बसतो. म्हणून तिथले जाणकार 'एलटीएस' हा दुसरा कर्नल सोबत ठेवतात.

नेमकी इथेच चूक होते. जागा कमी आहे म्हणून लोक बूट फोल्डर उघडून फाइल हाताने डिलीट करतात. कर्नल जातो, शिदोरी उरते किंवा उलट होतं. सिस्टीमच्या नोंदीत मात्र दोन्ही असतात. म्हणजे जागा करण्याच्या नादात विमाच रद्द होतो.

हे शाळा-ऑफिसांसाठीही का महत्त्वाचं?

आपल्याकडे सरकारी पातळीवरही लिनक्स वाढतोय. केरळच्या सरकारी शाळांमध्ये तो अनेक वर्षं आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'बॉस लिनक्स' तयार केला आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूवर आधारित 'माया'कडे वळायचं ठरवलं. लायसन्सचे पैसे वाचतात हे खरं. पण देखभालीचं काम वाचत नाही, ते फक्त वापरणाऱ्याच्या अंगावर येतं.

सुरू होतानाच अडलेला कॉम्प्युटर लांबून दुरुस्त करणं फार कठीण असतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे विंडोजचे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर अडकले, भारतात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कारण वेगळं होतं, पण दुरुस्तीसाठी बहुतेक ठिकाणी माणसाला मशीनसमोर जाऊन बसावं लागलं. शंभर कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये हे काम कोण करणार, हे लिनक्स टाकण्याआधीच ठरलेलं हवं.

तुम्ही काय करायचं?

१. महिन्यातून एकदा बूटची जागा तपासा. जवळपास भरली असेल तर अपडेटआधी मोकळी करा.

२. जुने कर्नल काढायचे तर सिस्टीमच्या स्वतःच्या सोयीने काढा. उबुंटूत त्यासाठी 'ऑटोरिमूव्ह' आहे, मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये कर्नलची यादीच मिळते. फाइल हाताने पुसू नका.

३. कमीत कमी दोन कर्नल ठेवा. एक चालू आणि एक आधी व्यवस्थित चाललेला.

४. अपडेटमध्ये एरर दिसली तर रिस्टार्ट करू नका. चालू कॉम्प्युटरवर दुरुस्ती सोपी असते.

५. ग्रबची यादी कशी उघडते ते आजच करून बघा. उबुंटूमध्ये सुरू होताना एस्केप, जुन्या बायॉसच्या मशीनवर शिफ्ट. तिथे 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जुने कर्नल दिसतात.

६. ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकला, तो फॉरमॅट करू नका. शेवटचा उपाय तोच असतो. आणि फोटोंचा बॅकअप वेगळा ठेवा, कारण जुना कर्नल म्हणजे बॅकअप नव्हे.

आई-बाबांच्या किंवा शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर तुम्ही लिनक्स टाकून दिला असेल, तर पाचवा मुद्दा त्यांनाही एकदा दाखवून ठेवा. अडचण येईल तेव्हा तुम्ही त्यांच्याजवळ असालच असं नाही.