ठेव बँकेच्या सुरक्षेसाठी, विद्यार्थ्याच्या नव्हे

खास प्रतिनिधी

पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पतइतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मधील निर्देशांत स्पष्ट केले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेतही त्याचा पुनरुच्चार केला. तथापि, फेटाळू नये याचा अर्थ मंजूर करावे असा होत नाही. उत्पन्नाचा दाखला नसलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला साधे क्रेडिट कार्ड सहसा मिळत नाही. त्यातच नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डावरील येण्यांचा जोखीमभार बँकांसाठी १२५ वरून १५० टक्क्यांवर नेला. म्हणजेच अशा विनातारण कर्जापोटी बँकांना अधिक भांडवल राखणे भाग पडले. अशा वेळी पालकांसमोर उरतो तो मुदत ठेवीच्या तारणावर मिळणाऱ्या कार्डाचा मार्ग.

व्यवहार वरकरणी सोपा आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाच्या वा मुलीच्या नावे ठेव ठेवायची, बँक ती तारण म्हणून अडकवून ठेवते आणि तिच्या साधारण ७५ ते १०० टक्के रकमेइतकी खर्चमर्यादा देते. ठेवीवरचे व्याज सुरूच राहते. आपल्याच कार्डाला जोडून मुलाला पुरवणी कार्ड काढून देणारे पालक बरेच आहेत. पण त्याची नोंद मूळ कार्डधारकाच्या, म्हणजे पालकांच्या खात्यावर होते. मुलाची पाटी कोरीच राहते. ज्याने स्वतःच्या नावे शैक्षणिक कर्ज घेतले आहे त्याचा पतइतिहास मात्र आधीच सुरू झालेला असतो, त्याला या खटाटोपाची तितकीशी निकड नाही.

गफलत होते ती पुढे. ‘ठेव आहेच, बिल थकले तर त्यातून वळते करतील’ अशी समजूत घराघरांत आढळते. बँक वळते करतेही. तिचे पैसे बुडत नाहीत. परंतु तोवर हप्ते थकल्याची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे गेलेली असते आणि ठेव मोडल्याने ती पुसली जात नाही. पूर्वी वाण्याकडची उधारी त्याच्या वहीत राही आणि गाव सोडले की मागे पडे. ही वही माणसाबरोबर फिरते. जानेवारी २०२५ मध्ये तर ही माहिती महिन्याऐवजी दर पंधरवड्याला पाठवणे बंधनकारक झाले.

तिचा फटका केवळ भावी गृहकर्जाला बसतो असे नव्हे. कर्जफेडीतील कसुरीच्या नोंदींवरून स्टेट बँकेने एका उमेदवाराची नियुक्ती रद्द केली होती. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये तो निर्णय ग्राह्य धरला. बँकांच्या परीक्षांसाठी पुण्यात खोल्या घेऊन अभ्यास करणाऱ्या मुलांनी हा निकाल ध्यानात ठेवलेला बरा.

आता थोडा हिशेब. वीस हजारांची ठेव, ८० टक्क्यांप्रमाणे सोळा हजारांची मर्यादा. विद्यार्थ्याने बारा हजारांचा मोबाइल घेतला आणि बिलावर छापलेली ‘किमान देय रक्कम’, समजा ५ टक्के, म्हणजे ६०० रुपये भरले. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ४२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७५ रुपये ६० पैसे. सहाशेपैकी मुद्दलात गेले जेमतेम १०४ रुपये! आणि वर्षाला ६ टक्के धरले तर त्याच महिन्यात ठेवीने कमावले १०० रुपये. स्वतःचेच वीस हजार बँकेत ठेवून त्याहून लहान रकमेवर सातपट दराने व्याज भरण्याचा हा प्रकार आहे. या दरांना वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवला, तेव्हा तिकडूनही दिलाशाची आशा नाही.

रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येऊ लागले आणि मोह आणखी जवळ आला. चहाच्या टपरीवरचा कोडही आता उधारीवर स्कॅन होतो. म्हणूनच पालकांची खरी मदत ठेवीपाशी संपायला हवी, दरमहा बिल भरण्यात नव्हे. मोबाइल रिचार्ज किंवा मासिक पास असा एखादाच ठरलेला खर्च कार्डावर ठेवावा, मर्यादेच्या तीस टक्क्यांपुढे जाऊ नये आणि पूर्ण बिलाची रक्कम मुलाच्याच खात्यातून आपोआप वळती होण्याची सोय करावी. कार्डावर एटीएममधून रोख काढू नये, कारण तेथे पहिल्या दिवसापासून व्याज लागते. चुकून तारीख हुकलीच तर घाबरण्याचे कारण नाही. देय तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक काळ गेल्यावरच बँकेला थकबाकीची नोंद कळवता येते आणि विलंब शुल्क लावता येते. साधारण सहा महिन्यांच्या नोंदींनंतर गुणांक तयार होतो. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तो त्या वेळी मुलाने स्वतः मागवून वाचावा.

पुढे नोकरी लागून साधे कार्ड मिळाले आणि हे बंद करायचे ठरले, तर अर्ज लेखी करून पोच ठेवावी. बाकी शून्य असल्यास सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करण्याचे बंधन बँकेवर आहे. त्यानंतर विलंबाच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. ठेवीवरचा ताबा उठल्याचे पत्र मात्र वेगळे मागून घ्यावे.