बॅटरीचा चेनसॉ घेताय? खोक्यावरचे व्होल्ट बघू नका



आंबा-काजूच्या छाटणीला ऑनलाइन मिळणारा छोटा बॅटरी चेनसॉ घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. घ्या, पण खोक्यावर छापलेल्या ४८, ८८ व्होल्टला भुलू नका. आत बहुतेक वेळा पाचच सेल असतात. एक सेल ३.६ व्होल्टचा, म्हणजे बॅटरी १८ व्होल्टची. फुल चार्जला २१. बाकी नुसती छपाई!

खरा हिशेब व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॉट-अवर. ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर म्हणजे १८०. अडीचपट.

माझं मत: मनगटाएवढ्या फांद्यांना ६ इंची मशीन पुरे. टूटी ऑइल मिसळायला नको, दोरी ओढायला नको. पण जुन्या कलमांची जाड खोडं कापायला, किंवा मजुरीवर दिवसभर छाटणी करणाऱ्याला, ती खेळण्यासारखीच. त्याला ३६ व्होल्ट, १२-१४ इंची पट्टी, चेन-ब्रेक आणि दोन बॅटऱ्या हव्यात. बागेत चार्जिंगची सोय नसेल तर पेट्रोलचीच बरी, तीही चार-पाच जणांत एक. जादा बॅटरी तालुक्याला मिळते का, हे आधी विचारा.

आणि एक. छोटी मशीन एका हातात मावते, म्हणून दुसऱ्या हाताने फांदी धरतात. बोटं तिथेच जातात. तिला बहुधा चेन-ब्रेक नसतो, आणि बटण दाबताच चेन फिरते. चेन ताणायच्या आधी बॅटरी काढून बाजूला ठेवा.