चूक दाखवणारा हवा

ड्रिलच्या तासाला उस्ताद ओरडले, "हात सरळ!" की आपण लगेच हात सरळ करतो. कुणाला राग येत नाही. मग चित्रातली चूक कुणी दाखवली की एवढं का लागतं?

मागच्या सत्रात मी हाउसच्या बोर्डासाठी संगणकावर पहाटेच्या परेड ग्राउंडचं चित्र काढत होतो. क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर आणि लॅबमधला पेन टॅबलेट, एवढंच साहित्य. चार रविवार गेले तरी चित्र सपाटच दिसत होतं. मला वाटलं, ब्रश कमी पडतायत. म्हणून नवे ब्रश शोधत बसलो.

बारावीतल्या एका सीनियर सरांनी चित्र पाहिलं आणि एकच वाक्य बोलले, "रंग काढून बघ." मी सर्वांत वर काळा लेयर घेतला, त्याचा ब्लेंडिंग मोड 'कलर' केला. चित्र कृष्णधवल झालं आणि आकाश, मैदान, कॅडेट सगळे एकाच करड्या छटेत मिसळून गेले. रंग वेगळे होते, पण उजेड-अंधार सगळीकडे सारखाच. दोष ब्रशचा नव्हताच.

दुसरी चूक सातवीतल्या मुलाने दाखवली. "सर, हा झेंडा धरलेला कॅडेट पडतोय का?" मला राग आला. ज्युनियरने मला शिकवायचं? पण पुढच्या रविवारी चित्र आरशात दिसतं तसं उलटं करून पाहिलं. क्रितात त्यासाठी नुसतं 'एम' बटण दाबायचं. कॅडेट खरंच तिरका होता! लिओनार्दो दा विंचीनेही पाचशे वर्षांपूर्वी चित्रकारांना हेच लिहून ठेवलंय की, आपलं काम आरशात बघा. डोळ्यांना सवय झालेली चूक तिथे लगेच दिसते.

काही मित्र म्हणतात, सगळ्यांचं ऐकलं तर स्वतःची शैली राहत नाही. मला हे पटत नाही. काय काढायचं ते या दोघांनी सांगितलं नव्हतं. नीट बघायला लावलं, एवढंच. मात्र विचारायचंही नीट. "कसं झालंय?" म्हटलं की "भारी!" एवढंच उत्तर येतं. "यात काय खटकतंय?" असं विचारा.

त्या मुलाला मी मेसमध्ये गाठून सांगितलं, "तुझं बरोबर होतं." चित्र दुरुस्त करण्यापेक्षा ते जड गेलं.

चित्र आता बोर्डावर लागलंय. कॅडेट सरळ उभा आहे, पण त्याचा डावा बूट मला अजून मोठा वाटतो. जाता-येता बघा आणि सांगा.