कानात बोळे

गोव्यात २०१९ साली आयर्नमॅनची अर्धी शर्यत सुरू झाली. अर्धी म्हणजे १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल हाणायची आणि वर २१.१ किलोमीटर धावायचं! एवढं करून कानात गाणी घालायला मनाई. आमच्या पुतण्याला हा शुद्ध जुलूम वाटतो. "काका, साडेआठ तास कानांनी करायचं काय?"

ऐकायचं, बाबा! मागचा सायकलवाला 'उजवीकडून' म्हणून ओरडतो, ते ऐकायचं. नाही ऐकलं, तर पुढचं डॉक्टर ऐकवतात. विरंगुळाच हवा, तर घरी आरामखुर्ची आहे की!

धावताना मागं कुणाची तरी म्हैस धापा टाकतेय, म्हणून मी दोनदा वळून पाहिलं. म्हैस मीच होतो. निमूटपणे वेग कमी केला, म्हणून आज हे लिहितोय. कानात ढोलताशे असते, तर पाय त्यांच्या तालावर पडले असते आणि छातीचं ऐकायला कुणी उरलंच नसतं.

तेवढ्यात रस्त्याकडेची एक आजी नातवाला म्हणाली, "बघ रे, बिचाऱ्याची बस चुकली!"

सांगा, कुठल्या गाण्यासाठी मी हे सोडू?