फोडणीपूर्वीचा वाटा

कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा त्याने ती कोरडी खाऊ नये म्हणून संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. तीतील भूतदया सर्वांनाच उमगते. परंतु मुक्या जिवाला अन्न कसे द्यावे, याचाही विचार तीत आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

वाशीम, रिसोड, कारंजा येथील अनेक घरांत कुत्रा हौसेने पाळला जातो. दुकानातील तयार खाद्य शिक्षकाच्या वा कारकुनाच्या मिळकतीस जड जाते. म्हणून ‘आम्ही घरचेच घालतो’ असे सांगितले जाते. त्यात कमीपणा मुळीच नाही. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्ट पचविण्याची क्षमता पुष्कळच वाढलेली आहे. माणसाच्या सहवासात त्याने भाकरी आपलीशी केली, असेच म्हणावयाचे!

प्रश्न आहे तो ‘घरचे’ म्हणजे काय, हा. रात्रीचा उरलेला झुणका, तिखट रस्सा आणि शिजलेली हाडे म्हणजे कुत्र्याचे अन्न नव्हे. कांदा व लसूण त्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. शिजविल्यानेही तो दोष जात नाही. द्राक्षे व मनुका मूत्रपिंडे निकामी करू शकतात, चॉकलेट विषासमान ठरते आणि शिजलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे आतड्यात रुततात. मायेने दिलेला घास असा जिवावर बेतू शकतो.

उपाय मात्र सोपा आहे. फोडणी पडण्यापूर्वीच कुत्र्याचा वाटा बाजूला काढावा. ज्वारीची भाकरी वा भात, उकडलेले अंडे किंवा बिनहाडाचे मांस, शिजलेले गाजर वा भोपळा, एवढे कोणत्याही स्वयंपाकघरात जमते. आपल्या जिल्ह्यात मुबलक पिकणारे सोयाबीनही चालेल. मात्र ते कच्चे नसावे, पूर्ण शिजवावे. भाकरी-मांसात चुन्याचा अंश अपुरा असतो. त्याची भरपाई कशी करावी आणि वजनाप्रमाणे किती घालावे, हे पशुवैद्यकास विचारावे. पिलांच्या बाबतीत तर अवश्य.

दारात बांधलेल्या जिवाला स्वतःचे अन्न निवडता येत नाही. ती निवड त्याच्यासाठी आपण करतो. म्हणूनच उरलेले देणे निराळे आणि राखून ठेवलेले देणे निराळे. नामदेवांच्या वाटीचा अर्थ तरी याहून वेगळा कोणता?